पायाखालचा नाग

मेहरौलीत कुतुबमिनाराच्या आवारात उभा असलेला लोखंडी खांब गंजत नाही, म्हणून जगभर ओळखला जातो. उंची सात मीटरांहून थोडी जास्त, वजन सहा टनांच्या वर. गुप्तकाळात घडवलेल्या या खांबावर सहा ओळींचा संस्कृत लेख आहे. चंद्र नावाच्या राजाने विष्णुपद टेकडीवर विष्णूचा ध्वज म्हणून तो उभारला, असं त्यात कोरलं आहे; हा राजा दुसरा चंद्रगुप्त असावा, असं बहुतेक अभ्यासक मानतात. लोखंडातलं फॉस्फरसचं जास्तीचं प्रमाण आणि त्यामुळे पृष्ठभागावर धरलेला संरक्षक थर यांच्या जोरावर तो टिकला, हे कानपूरच्या आयआयटीतले धातुशास्त्रज्ञ आर. बालसुब्रमण्यम यांनी उलगडून दाखवलं.

दिल्लीच्या भाटांनी या खांबाची वेगळीच कथा गायली आणि ती ‘पृथ्वीराज रासो’मध्ये जाऊन बसली. तोमर राजा अनंगपाल याला एका ब्राह्मणाने सांगितलं, की या खांबाचं टोक थेट पाताळात, पृथ्वी तोलून धरणाऱ्या नागाच्या मस्तकात रुतलं आहे. खांब अढळ तोवर राज्य अढळ. राजाच्या मनात शंका आली. त्याने खांब उपटून पाहिला, तर टोकाला रक्त लागलेलं. घाबरून त्याने खांब पुन्हा रोवला, पण तोवर नाग सरकला होता. खांब ढिला राहिला तो राहिलाच, आणि तोमरांचं राज्यही त्याच्यामागोमाग डळमळलं. शहराचं नावही या ढिलेपणावरून पडलं, असं लोककथा सांगते.

खुद्द खांबावर अनंगपालाचा संवत ११०९चा, म्हणजे इ.स. १०५२चा छोटा लेख आहे. पुढे १८७०च्या दशकात अलेक्झांडर कनिंगहॅम यांच्या पुरातत्त्व खात्याने पाया उकरून पाहिला. खांब जमिनीत फार खोल गेला असावा, असा कनिंगहॅम यांचा आधीचा अंदाज होता. प्रत्यक्षात तो जेमतेम मीटरभर आत होता आणि लोखंडी पट्ट्यांच्या आधारावर दगडी बैठकीत बसवलेला होता. नाग तिथे नव्हता. तरीही भाटांच्या कथेचं वजन कमी होत नाही, कारण तिला सांगायचं आहे ते धातूबद्दल नाहीच. राज्य, घर, देऊळ, यज्ञ असं जे काही माणूस उभं करतो, त्याच्या तळाशी काहीतरी जिवंत आणि वळवळतं दाबून धरलेलं असतं, हे तिचं म्हणणं आहे. ते मेलेलं नसतं, मरतही नाही. ते कुठे आहे हे विसरलं, किंवा नको त्या कुतूहलाने उपटून पाहिलं, की वरचं सगळं हलतं.

हिंदू परंपरेत व्यवस्था आणि अव्यवस्था यांच्याकडे पाहण्याची जी दृष्टी आहे, ती या एका कथेत जवळजवळ पूर्ण सापडते. दिल्लीत तर ती ठिकठिकाणी दगडात, पितळेत आणि पाण्यात पाहायला मिळते.

*

वेदांमध्ये विश्वाच्या नियमाला ऋत म्हटलं आहे. सूर्य वेळेवर उगवतो, ऋतू पाळीने येतात, नद्या वाहतात आणि बोललेला शब्द खरा होतो, ही सगळी ऋताचीच कामं. वरुण त्याचा राखणदार. पण याच वेदांतला सर्वांत गाजलेला पराक्रम इंद्राचा आहे, आणि तो एका सर्पाविरुद्ध आहे. वृत्र पाणी अडवून बसला होता. इंद्राने वज्राने त्याला मारलं, पाणी मोकळं झालं, जग चालू झालं.

इथवर ही कथा अनेक संस्कृतींतल्या सर्पवधाच्या कथांसारखी आहे. तिचा पुढचा भाग मात्र खास इथला. महाभारतात वृत्राच्या वधानंतर इंद्राला ब्रह्महत्येचं पाप लागतं. विजयी देव पळून जातो आणि दूर एका सरोवरात कमळाच्या देठात लपून बसतो. स्वर्ग राजावाचून पडतो, म्हणून देव नहुषाला सिंहासनावर बसवतात. नहुष सुरुवातीला चांगला असतो, मग सत्ता चढते. तो ऋषींना पालखीला जुंपतो, त्यांना लाथ मारतो आणि अगस्त्याच्या शापाने अजगर होऊन खाली कोसळतो. सर्पाला मारून सुरू झालेली गोष्ट व्यवस्थेच्या राजालाच सर्प करून थांबते. महाभारतकाराला हे वर्तुळ ठाऊक असणार. त्याने ते मोठ्या जाणीवपूर्वक रेखलं आहे. अव्यवस्था बाहेरून चालून येते, तशी ती सिंहासनावर बसलेल्याच्या अंगातूनही निघते.

म्हणूनच पुढच्या परंपरेने मारण्यापेक्षा रोवण्यावर भर दिला. वास्तुशास्त्राच्या ग्रंथांत खणायला सुरुवात करण्याआधी नागाचं तोंड त्या महिन्यात कोणत्या दिशेला आहे ते पाहायला सांगितलं आहे. पायाभरणीत खैराची खुंटी ठोकायची, तीही नेमकी नागाच्या मस्तकावर, असाही विधी आहे. कित्येक घरांच्या पायात आजही चांदीचा छोटा नाग ठेवला जातो. मेहरौलीच्या कथेतला खांब ही याच खुंटीची राजेशाही आवृत्ती.

*

नोएडात किंवा गुरुग्राममध्ये विसाव्या मजल्यावर फ्लॅट घेतलेलं मराठी कुटुंबही वास्तुशांत करतं. गुरुजी येतात, होम होतो आणि शेवटी वास्तुपुरुषाची छोटी धातूची प्रतिमा सप्तधान्यासह घराच्या आग्नेय कोपऱ्यात पुरली जाते. विसाव्या मजल्यावर जमीन नसते. फरशीखाली स्लॅबपर्यंत लहानसा खळगा करतात, प्रतिमा ठेवतात आणि वरून फरशी बसवून टाकतात. बहुतेक घरांत हा कोपरा स्वयंपाकघरात येतो. त्यावर ओटा असतो, गॅस असतो, सकाळची घाई असते.

फरशीखालचा हा पुरुष कोण? मत्स्यपुराण सांगतं, की अंधकासुराशी लढताना शंकराच्या कपाळावरचा घाम जमिनीवर पडला आणि त्यातून एक भयंकर भूत जन्मलं. अंधकांचं रक्त पिऊनही त्याची भूक भागेना. त्याने तप केलं आणि तिन्ही लोक गिळण्याचा वर मिळवला. तेव्हा देवांनी त्याला जमिनीवर पाडलं आणि ज्याने जिथे धरलं होतं, तो तिथेच बसला. पंचेचाळीस देवता, त्यांत मधोमध ब्रह्मा. एक्क्याऐंशी चौकटींचं जे वास्तुमंडल देवळाच्या आणि घराच्या आराखड्याला आधार मानलं जातं, ते म्हणजे या दाबून धरलेल्या देहाचाच नकाशा. खालून त्या भुताने विचारलं, मी असाच पडून राहिलो तर खाऊ काय? देवांनी त्याला वाटा दिला: वैश्वदेवाचा बळी आणि घर बांधताना होणारी पूजा.

या कथेतला तो प्रश्न फार मोलाचा आहे. दाबला गेलेला बोलतो आणि देव उत्तर देतात. त्याची भूक खोटी ठरवली जात नाही. घर त्याच्या अंगावर उभं राहणार असेल, तर घराने त्याला जेवू घातलं पाहिजे, असा हा करार आहे. मराठी घरांतली मोठी माणसं मुलांना भलतंसलतं बोलू नका म्हणून दटावतात, कारण वास्तू तथास्तु म्हणत असते. ज्याला पाडून धरलं, तोच पुढे घराचा साक्षीदार आणि आशीर्वाद देणारा झाला, हे अंतर किती मोठं आहे!

महाराष्ट्राला हा करार नवा नाही. जेजुरीला खंडोबाने मणी आणि मल्ल या दोन दैत्यांना जिंकलं. मणी शरण आला, त्याने देवाजवळच राहण्याचा वर मागितला आणि तो गडावर आजही पुजला जातो. मल्लाचं डोकं पायरीशी आलं आणि त्याचं नाव मात्र देवाच्या नावात शिरून मल्हारी झालं. गावाच्या शिवेवर शेंदूर फासलेला म्हसोबा असतो. दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी पुणे परिसरातल्या अशा ठाण्यांचा पायी फिरून अभ्यास केला आणि महिषासुराशी असलेला म्हसोबाचा संबंध ‘मिथ अँड रिअॅलिटी’ या १९६२ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात मांडला. जो देवीच्या पायाखाली मारला गेला, त्यालाच गाव नारळ फोडतं. सर्व विघ्नं दूर करणारा गणपतीदेखील याच वाटेने आला आहे. मानवगृह्यसूत्रात चार विनायक आहेत आणि ते माणसाला झपाटतात: राजपुत्राला राज्य मिळत नाही, मुलीचं लग्न जमत नाही, शेती पिकत नाही, व्यापार बसतो. त्यांना शांत करण्यासाठी चव्हाट्यावर बळी ठेवायचा. त्या उपद्रवी विनायकांतूनच पुढे पहिल्या पूजेचा मान असलेला देव घडला, आणि दिल्लीतली मराठी मंडळं दर भाद्रपदात त्याला मखरात बसवतात.

*

प्रगती मैदान आणि पुराना किला यांच्यामधून जाणाऱ्या रस्त्याचं नाव भैरों मार्ग. या एका रस्त्याच्या आजूबाजूला तीन ठिकाणं अशी आहेत, की व्यवस्थेबद्दलचा सारा विचार तिथे उभा राहतो.

पहिलं ठिकाण नवं आहे. सप्टेंबर २०२३मध्ये जी-२० परिषदेसाठी भारत मंडपमसमोर २७ फूट उंचीची, सुमारे १८ टन वजनाची अष्टधातूची नटराजमूर्ती बसवण्यात आली. तमिळनाडूतल्या स्वामीमलईचे राधाकृष्णन स्थपती आणि त्यांचे सहकारी यांनी ती चोळकाळापासून चालत आलेल्या मेण वितळवण्याच्या पद्धतीने ओतली. एका हातात डमरू, दुसऱ्यात अग्नी. एकाने सृष्टीचा नाद, दुसऱ्याने तिचा लय. पाहणाऱ्याची नजर या हातांवर आणि भोवतीच्या ज्वाळांच्या प्रभावळीवर खिळते. खरं रहस्य पायाशी आहे. उजव्या पायाखाली बुटका अपस्मार पालथा पडला आहे, मान वर करून. तो अज्ञानाचा, विस्मृतीचा असुर मानला जातो. नटराज त्याला चिरडत नाही. परंपरा सांगते, की अपस्मार मेला तर ज्ञान आपोआप, कष्टाविना मिळू लागेल आणि त्याला किंमत उरणार नाही. म्हणून त्याला जिवंत ठेवून दाबायचं. शिल्पकाराच्या दृष्टीनेही तो हवाच. त्याच्या पाठीवरच अख्ख्या नृत्याचा तोल पेलला आहे.

दुसरं ठिकाण पुराना किल्ल्याच्या तटाला लागून, तटाच्या बाहेर आहे. किलकारी भैरवाचं हे देऊळ पांडवांच्या काळचं, असं भाविक मानतात. कथा अशी, की भीमाने नगरीच्या रक्षणासाठी काशीहून भैरवाला आणलं, पण अट मोडल्यामुळे भैरव वाटेतच थांबला आणि संकट आलं की किलकारी देईन, एवढं वचन त्याने दिलं. इथे एका बाजूला दूध अर्पण होतं आणि दुसऱ्या बाजूला दारू. एरवी देवळाच्या उंबऱ्याशी जी वस्तू नेणं अशक्य, ती इथे प्रसाद म्हणून परत मिळते. ब्रह्मदेवाचं पाचवं मस्तक छाटून ब्रह्महत्या डोक्यावर घेतलेला हा देव काशीचा कोतवाल आहे. नियम मोडलेला देवच नियम राखतो, आणि त्याची जागा भिंतीच्या बाहेर असते. तटाच्या आतल्या सुव्यवस्थेला बाहेरचा, थोडा बेफाम रक्षक लागतो, हे या लहानशा देवळाने अजून जपलं आहे.

तिसरं ठिकाण खुद्द पुराना किल्ला, आणि तिथे कथा काळवंडते.

*

आजचा तट हुमायून आणि शेरशहाच्या काळचा, सोळाव्या शतकातला. पण त्याच्या आत विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत इंदरपत नावाचं गाव वसलेलं होतं आणि हीच पांडवांच्या इंद्रप्रस्थाची जागा, ही समजूत फार जुनी आहे. ब्रजबासी लाल यांनी १९५४-५५मध्ये आणि पुढे १९६९ ते १९७३ या काळात इथे उत्खनन केलं. चित्रित करड्या मृद्भांड्यांचे तुकडे मिळाले आणि मौर्यकाळापासून मुघलांपर्यंत वस्तीचे थर एकावर एक सापडले. महाभारतातल्या राजधानीचा निर्विवाद पुरावा या थरांनी दिला नाही. दोन हजारांहून अधिक वर्षं माणसं इथे राहत आली, पडत आली आणि पुन्हा उभी राहिली, एवढं मात्र त्यांनी निश्चित सांगितलं.

महाभारताप्रमाणे पांडवांच्या वाट्याला आलं ते खांडवप्रस्थ, आणि जवळच्या यमुनाकाठी घनदाट खांडववन होतं. अग्नीला ते वन खायचं होतं. कृष्ण आणि अर्जुन दोन बाजूंना उभे राहिले आणि वन जळू लागलं. जे प्राणी, पक्षी, नाग बाहेर पळू पाहत, त्यांना बाणांनी आणि चक्राने परत आगीत लोटलं जात होतं. इंद्र पाऊस घेऊन धावला, पण अर्जुनाने बाणांचं छत धरलं. व्यासांनी हा प्रसंग विजयगीतासारखा लिहिलेला नाही. होरपळणारे पंख, उकळणारी तळी, पिलांना कवटाळलेल्या आया यांचं वर्णन इतकं सविस्तर आहे, की वाचणाऱ्याला आगीच्या बाजूने उभं राहणं जड जातं.

एवढं करूनही सहा जीव वाचले. तक्षक नागाचा मुलगा अश्वसेन, मय दानव आणि शार्ङ्गक पक्ष्याची चार पिलं. तक्षक स्वतः त्या वेळी कुरुक्षेत्रात होता. आणि पुढचं महाभारत या उरलेल्यांनी घडवलं. मयाने जीव वाचल्याची परतफेड म्हणून पांडवांना सभा बांधून दिली. पाणी आहे तिथे फरशी भासावी आणि फरशी आहे तिथे पाणी, अशी ती सभा. दुर्योधन तिथे फसला, भिजला, हसू झालं आणि त्या अपमानातून हस्तिनापुरातलं द्यूत उभं राहिलं. अश्वसेन कर्णाच्या बाणात शिरून अर्जुनाच्या मस्तकावर आला. कृष्णाने रथ खाली दाबला म्हणून फक्त किरीट गेला. तक्षकाने अर्जुनाच्या नातवाला, परीक्षिताला दंश करून मारलं. परीक्षिताचा मुलगा जनमेजय याने मग पृथ्वीवरचा प्रत्येक नाग जाळण्यासाठी सर्पसत्र मांडलं. म्हणजे पणजोबाने अर्धवट सोडलेली आग पणतूने पुन्हा पेटवली.

मेहरौलीच्या कथेत नाग पायाखाली आहे आणि त्याचं रक्त पाहून राजा हादरतो. इंद्रप्रस्थाच्या कथेत नाग जाळून जागा साफ केली जाते आणि त्यावर नगर उठतं. दिल्लीच्या या दोन जन्मकथा शेजारी ठेवून वाचाव्यात. पहिलीत एक राज्य डळमळतं. दुसरीत चार पिढ्या आणि अठरा अक्षौहिणी सैन्य जातं.

*

उरलेल्याचं काय करायचं, हा प्रश्न या परंपरेला किती छळत होता, ते अनेक ठिकाणी दिसतं. प्रलयानंतर सगळं बुडतं तेव्हा उरतो तो शेष, आणि विष्णू त्याच्याच वेटोळ्यावर झोपतो. अथर्ववेदात यज्ञानंतर उरलेल्या अन्नाला उद्देशून एक अख्खं सूक्त आहे आणि त्यात जगाचा आधार त्या उच्छिष्टात पाहिला आहे. ऐतरेय ब्राह्मणात नाभानेदिष्ठाची कथा येते. भावांनी वाटणीत त्याला वगळलं, म्हणून त्याने अंगिरसांना यज्ञात मदत केली आणि त्यांनी जाताना उरलेली हजार गुरं त्याला दिली. तोच काळी वस्त्रं घातलेला एक पुरुष उत्तरेकडून आला आणि यज्ञभूमीवर उरलेलं सगळं माझं, म्हणाला. नाभानेदिष्ठाने वडिलांना विचारलं. मनू म्हणाला, खरं आहे, ते त्याचंच. मुलाने परत जाऊन तसंच सांगितलं, आणि खरं बोलल्याबद्दल त्या पुरुषाने, म्हणजे रुद्राने, ती गुरं त्याला देऊन टाकली. उरलेलं रुद्राचं असतं, हे आधी मान्य करावं लागतं. मगच ते आपल्याला लाभतं.

कनॉट प्लेसजवळच्या जंतरमंतरवर ऋताचा विचार आकाशाला लावलेला दिसतो. सवाई जयसिंगाने १७२४च्या सुमारास ही वेधशाळा बांधली. सम्राट यंत्राची तिरकी भिंत पृथ्वीच्या अक्षाला समांतर आहे आणि तिच्या सावलीवरून वेळ वाचता येते. जयसिंगाच्या ज्योतिषमंडळात जगन्नाथ सम्राट हे मराठी पंडित होते. टॉलेमीच्या ‘अल्माजेस्ट’चं त्यांनी १७३२मध्ये अरबीवरून संस्कृतात रूपांतर केलं. ज्या बादशहाच्या नावाने जयसिंगाने आपल्या ग्रहगणिताच्या सारण्या काढल्या, त्या मुहम्मदशहाच्या राजधानीवर १७३७मध्ये पहिला बाजीराव चालून आला आणि मार्च १७३९मध्ये नादिरशहाच्या सैन्याने शहरात कत्तल केली. रस्त्यावर प्रेतं पडत होती त्याच शहरात दगडाचे हे काटे सूर्याची सावली अचूक मोजत होते. ऋत आणि त्याचा भंग इतके जवळजवळ क्वचितच उभे राहिले असतील.

पण आकाशाचा नियमही पूर्ण जुळत नाही. चांद्रवर्ष सुमारे ३५४ दिवसांचं, सौरवर्ष ३६५ दिवसांहून थोडं जास्त. दरवर्षी अकराएक दिवस उरतात. हे उरलेले दिवस साचत जातात आणि साधारण तेहतीस महिन्यांनी एक अख्खा महिना होतो. या महिन्याला कुठलाही देव स्वीकारेना, त्यात लग्न नाही, मुंज नाही. सगळे त्याला मलमास म्हणून हिणवत. तेव्हा विष्णूने त्याला आपलं नाव दिलं, पुरुषोत्तम, अशी कथा आहे. मराठी घरांनी त्याहून पुढे जाऊन त्याला धोंड्याचा महिना केलं, जावयाला घरी बोलावलं आणि तेहतीस अनारशांचं वाण दिलं. गणितातून निसटलेला काळ असा जेवणाच्या पानावर मानाने बसला. समुद्रमंथनात अमृत चोरून प्यायलेल्या राहूचंही तेच झालं. विष्णूने त्याचं मस्तक उडवलं, तरी तो नवग्रहांत पूजेला बसला आणि सूर्यचंद्रांना ग्रासण्याचा त्याचा हक्क कुणी काढून घेतला नाही.

*

१३ जुलै २०२३ रोजी दिल्लीच्या जुन्या रेल्वे पुलापाशी यमुनेची पातळी २०८.६६ मीटरवर पोचली. १९७८चा २०७.४९ मीटरचा उच्चांक मागे पडला. कश्मीरी गेटचा रस्ता पाण्याखाली गेला, निगमबोध घाट बंद करावा लागला, पाणी शुद्ध करणारी केंद्रं थांबली, आणि पूरमैदानात भाजीपाला पिकवणारी हजारो माणसं रस्त्याकडेला तंबूत आली. पाणी लाल किल्ल्याच्या मागच्या भिंतीला टेकलं. सतराव्या शतकात किल्ला बांधला तेव्हा नदी त्या भिंतीजवळूनच वाहत होती. पुढे ती पूर्वेला सरकली आणि तिच्या सोडलेल्या जागेवर रस्ते आले. त्या दिवशी ती आपल्या जुन्या जागी परत आली होती. पूर ओसरू लागला आणि १८ जुलैला त्या वर्षीचा अधिक श्रावण सुरू झाला.

यमुनेवर नियम लादण्याची पहिली कथा बलरामाची. त्याने हाक मारली, ती आली नाही; त्याने नांगराचा फाळ लावून तिला ओढत नेलं. बलराम शेषाचा अवतार, हेही लक्षात ठेवावं. आज दिल्लीत वजिराबाद, आयटीओ आणि ओखला असे तीन बंधारे आहेत. त्यांच्यामधला वजिराबाद ते ओखला हा सुमारे २२ किलोमीटरचा टप्पा नदीच्या लांबीच्या दोन टक्क्यांहूनही कमी, पण तिच्यातल्या प्रदूषणाचा तीन-चतुर्थांशाहून अधिक भार याच टप्प्यात पडतो. ओखल्याजवळ कालिंदीकुंजपाशी कार्तिकात पांढरा फेस तरंगतो आणि त्यातच उभं राहून छठपूजा करणाऱ्या बायका सूर्याला अर्घ्य देतात. राष्ट्रीय हरित लवादाने जानेवारी २०१५मध्ये नदीत पूजासाहित्य टाकण्यावर दंड लावला. गणपती आता बहुतेक कृत्रिम तळ्यांत विसर्जित होतात. शहराचं बाकीचं उच्छिष्ट गाझीपूरच्या डोंगरावर जातं. १९८४ साली सुरू झालेल्या त्या कचराभूमीची क्षमता २००२मध्येच संपली, तरी ती वाढत गेली आणि उन्हाळ्यात धुमसत राहते. रुद्राचा वाटा इथे कुणी मोजून बाजूला ठेवलेला नाही.

याच नदीच्या पुढच्या वळणावर, वृंदावनात, कालियाची कथा घडते. कृष्ण त्याच्या फणांवर नाचतो, नागपत्नी दयेची भीक मागतात आणि भागवतात कालिया स्वतः बोलतो. आम्ही विष घेऊनच जन्मलो, आमचा स्वभाव तूच घडवलास, अशा आशयाचं ते उत्तर आहे. कृष्ण त्याला मारत नाही. गरुडापासून अभय देऊन रमणकद्वीपाला पाठवतो. खांडवात नागांना आगीत लोटणारा आणि इथे नागाला रस्ता देणारा कृष्ण एकच आहे. दोन्ही वाटा त्याच्याच चरित्रात असल्यामुळे त्यांतली निवड वाचकावर येऊन पडते.

जनमेजयाच्या सर्पसत्राचा शेवटही याच निवडीवर होतो. मंत्रांच्या ओढीने नाग आगीत पडत होते. तक्षक आकाशातून खाली येत होता. तेव्हा आस्तीक पुढे आला. त्याचे वडील ब्राह्मण, आई वासुकीची बहीण. म्हणजे जाळणाऱ्यांच्या मंत्रांत वाढलेला आणि जळणाऱ्यांच्या रक्ताचा. त्याने तक्षकाला अधांतरी थांबवलं आणि राजाकडे एकच वर मागितला: यज्ञ इथेच थांबव. जनमेजयाने सोनं देऊ केलं, गुरं देऊ केली. आस्तीक हलला नाही. यज्ञ अपुरा राहिला. वैशंपायनाने याच सत्राच्या मधल्या वेळांत जनमेजयाला महाभारत ऐकवलं होतं. आपल्या पूर्वजांनी काय केलं ते सगळं ऐकून झालेल्या माणसानेच आग विझवली.

दिल्लीच्या उत्तर टोकाला, जगतपूर गावाजवळ, यमुना जैवविविधता उद्यान आहे. दिल्ली विकास प्राधिकरण आणि दिल्ली विद्यापीठातले पर्यावरणशास्त्रज्ञ यांनी या शतकाच्या सुरुवातीला खारवट, पडीक जमिनीवर पाणथळी खोदल्या, गवताळ पट्टे धरले, नदीकाठची झाडं लावली. हिवाळ्यात लाल शेंडीची बदकं तिथे मध्य आशियातून उतरतात. पावसाळ्यात नदी फुगली, की तिला पसरायला थोडी मोकळी जागा मिळते. अशी जागा दिल्लीत कमी आहे आणि ती आणखी कमी करणारे आराखडे पुन्हा पुन्हा मांडले जातात: रस्ते, घाट, कार्यालयं, सुशोभित किनारे. त्या बैठकांत नकाशे मांडणाऱ्या अभियंत्यांच्या हाती पूररेषेचे आकडे असतातच. त्यांच्यासोबत आदिपर्वातलं खांडवदहन आणि आस्तीकाची कथाही वाचली जावी, कारण नदीला कुठपर्यंत येऊ द्यायचं हे ठरवणाऱ्या शहराची सगळ्यात जुनी नोंद तीच आहे.